काळ्या वाळूवरची यतना

आपल्या समाजात 'यात्रा' हा शब्द निघाला की सम्मेदशिखर, गिरनार, पालिताणा, पावापुरी ही नावे आपोआप ओठांवर येतात. आपल्या वाडवडिलांनी प्रवासाचे दोनच प्रकार मानले होते. एक धर्मासाठी आणि दुसरा धंद्यासाठी. मारवाड सोडून दक्षिणेच्या बाजारपेठांत स्थिरावलेली आपली घराणी ही त्या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाचीच फळे होत. केवळ डोंगर, समुद्र आणि दगड पाहण्यासाठी पदरचे पैसे खर्चून दूरदेशी जाणे त्यांना पटले नसते. आज मात्र बहुतेक घरांतील एखादे तरी मूल परदेशात असते आणि त्याला भेटावयास गेलेले आईवडील त्याच्यासमवेत चार स्थळे पाहून येतात. अशा वेळी एक प्रश्न मनात राहतो. आपले नियम, आपले खाणेपिणे आणि आपली दृष्टी घरी ठेवून निघायचे की बरोबर न्यायचे? आणि बरोबर नेले, तर त्या परक्या भूमीवर ते टिकतात का? आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर घालवलेल्या एका दिवसाने मला या प्रश्नाचे थोडेफार उत्तर दिले. ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आइसलँड हा उत्तर अटलांटिक महासागरातील बेटाचा देश. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र अवघी चार लाखांच्या आसपास. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या देशाची खरी ओळख झाली ती ऑक्टोबर २००८ मध्ये. तेथील तीन मोठ्या बँका एका आठवड्याच्या आत कोसळल्या. त्यांचा एकत्रित पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झालेला होता, हे वाचून त्या वेळी आम्ही सहकारी थक्क झालो होतो. पुढे दीड वर्षाने, एप्रिल २०१० मध्ये, याच देशातील एका ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश जवळजवळ सहा दिवस बंद पाडले. सुमारे एक लाख विमान उड्डाणे रद्द झाली आणि तिकडे आफ्रिकेत, केनियामध्ये, युरोपला जाणारी फुले जागच्या जागी सुकून गेली. मजेची गोष्ट अशी, की याच राखेमुळे जगाला आइसलँडचे सौंदर्य दिसले. २०१० मध्ये तेथे वर्षाला पाच लाखांहून कमी प्रवासी येत. २०१७ पर्यंत ही संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. तोट्याच्या पानावरूनच पुढच्या नफ्याची सुरुवात होते, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगावयास नको.

आमचा मुलगा लंडनला असतो. मे महिन्याच्या अखेरीस नातीच्या शाळेला आठवड्याची सुट्टी लागते. त्या सुट्टीत मुलाने आम्हां उभयतांना रेकयाविक या राजधानीच्या गावी नेण्याचे ठरविले. माझ्या पत्नीपुढे तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांपासून तिचा चौविहाराचा नियम आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. आणि आम्ही जेथे जाणार होतो तेथे मे अखेरीस सूर्यास्त होतो रात्री अकरा वाजून गेल्यावर, सूर्योदय होतो पहाटे साडेतीनच्या सुमारास. मधल्या वेळातही पुरता काळोख पडत नाही. शब्द पाळावा, तर रात्री अकरापर्यंत खाण्यास मोकळीक. मग नियम उरला कोठे? निघण्यापूर्वी तिने स्थानकात विराजमान असलेल्या महासतीजींना विचारले. पच्चक्खाण विवेकाने घ्यावे, एवढे सांगून त्यांनी निर्णय तिच्यावरच सोपविला. तिने मग तेथे असेपर्यंत संध्याकाळी सातची मर्यादा ठरविली, कारण आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सकाळची नवकारशीही तिने घरच्याच वेळेने पाळावयाचे ठरविले. मुलगा हसून म्हणाला, "आई, तू पुण्याचा सूर्य घेऊन निघाली आहेस!"

तेथे मोठ्या बसच्या सहली पुष्कळ आहेत. परंतु मुलाने मुद्दाम लहान गटाची सहल निवडली. एका छोट्या बसमध्ये आम्ही सोळा प्रवासी आणि गाडी चालविणारी, माहिती सांगणारी अशी एकच बाई. वय पन्नाशीच्या पुढचे, बोलणे मोजके. तिचे माहेर याच दक्षिण किनाऱ्यावरील शेतकऱ्याचे. सकाळी आठला निघून संध्याकाळी सातपर्यंत परत यावयाचे. जाऊन-येऊन सुमारे चारशे किलोमीटर. लहान गटाचा लाभ दिवसभर जाणवत राहिला. कोण मागे राहिले, कोणाचा गुडघा दुखतो, कोण काय खात नाही, हे पहिल्या तासातच त्या बाईला ठाऊक झाले. शंभर खात्यांची शाखा आणि दहा हजार खात्यांची शाखा यांत जो फरक असतो, तोच येथे होता.

शहर मागे पडताच हेट्लिसहेइदी नावाचे पठार लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे हजार वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, आणि त्यावर हिरवट करड्या शेवाळाची जाड दुलई. दूरवर जमिनीतून वाफेचे लोट वर येत होते. ती वाफ भूगर्भातून खेचून तेथे वीज निर्माण करतात आणि त्याच उष्णतेवर तापविलेले पाणी नळांतून राजधानीच्या घराघरांत पोहोचवितात. या देशाच्या मधून पृथ्वीच्या दोन प्रचंड भूपट्टांची सीमा गेली आहे. ते पट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकत आहेत आणि त्या फटीतून खालचा तप्त रस वर येत राहतो. पाणी, अग्नी, वारा, दगड आणि वनस्पती या सर्वांचा व्यवहार एकाच जागी, डोळ्यांदेखत चाललेला. षट्काय जीवांचा पाठ लहानपणी पाठशाळेत घोकला होता. पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय, वाउकाय, वनस्पतिकाय, त्रसकाय या सहा नावांचा अर्थ त्या पठारावर उभे राहून जितका जवळचा वाटला, तितका पूर्वी कधी वाटला नव्हता.

बस थांबली तेव्हा मार्गदर्शक बाईने दिवसातील पहिला नियम सांगितला. पायवाट सोडायची नाही, शेवाळावर पाऊल ठेवायचे नाही. लगेच कारणही सांगितले. हे शेवाळ अतिशय सावकाश वाढते. त्यावर उमटलेले एक पाऊल भरून येण्यास कित्येक दशके लागू शकतात. पूर्वेकडे, आमच्या सहलीच्या टप्प्यापलीकडे, १७८३ साली भूमीला सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग पडून आठ महिने लाव्हा वाहत होता. त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी गवत जळाले, मेंढ्या मेल्या आणि त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशातील सुमारे पाचवा हिस्सा माणसे मरण पावली. "त्या उजाड दगडावर पहिला जीव आला तो हा शेवाळाचा," ती म्हणाली. "आम्ही त्यावरून चालत नाही."

मी आणि पत्नीने एकमेकांकडे पाहिले. शेवाळ हे अनंतकाय, त्याच्या कणाकणात अनंत जीव, ही आपली शिकवण. आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवितात, ते याच कारणाने. पावसाळ्यात जमिनीवर हिरवळ, शेवाळ आणि सूक्ष्म जीव उदंड होतात. चालताना त्यांची विराधना होऊ नये म्हणून चार महिने एका गावी स्थिरवास. पुढची साडेतीन हात जमीन पाहून चालणे ही ईर्यासमिती. त्या बाईला यांतील एकही शब्द ठाऊक नव्हता. तिचे कारण निसर्गरक्षणाचे होते, आपले अहिंसेचे आहे; ही दोन कारणे एकच आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु पाऊल उचलण्यापूर्वी खाली पाहायचे, हे दोहोंमध्ये समान होते. आमची अकरा वर्षांची नात त्यानंतर दिवसभर पायवाटेच्या मधोमध चालली आणि दुसऱ्यांनाही हाताने खुणावीत राहिली.

पठार उतरल्यावर हवेरागेर्दी हे गाव आले. जमिनीतील उष्णतेवर तेथे काचेची हरितगृहे चालतात आणि बर्फाच्या देशात टोमॅटो, काकडी पिकते. आम्ही थेपले, खाकरे, कोरडी भेळ बरोबर घेतलीच होती. तिला या ताज्या काकडी-टोमॅटोची जोड मिळाली. कांदा, बटाटा, लसूण टाळणाऱ्यांनी या देशात आपला डबा बरोबर ठेवणेच बरे. शुद्ध शाकाहारी सूप मिळते. पण त्यात कांद्याची पात आणि बटाटा बहुधा असतोच. शिवाय साध्या एका वेळच्या जेवणासही आपले दीड-दोन हजार रुपये सहज लागतात. आम्ही डबे उघडले तेव्हा मागच्या आसनावरील एका परदेशी दांपत्याने कुतूहलाने थेपला मागून घेतला आणि दुसराही घेतला.

पुढे डाव्या हाताला एयाफ्यात्लायोकुल दिसू लागला. 'योकुल' म्हणजे हिमनदी. १,६५१ मीटर उंचीचा हा पर्वत वरून पांढरा आणि शांत. पण पोटात ज्वालामुखी. १४ एप्रिल २०१० रोजी बर्फाखालून उद्रेक झाला. तप्त रस बर्फाच्या पाण्यात पडून क्षणात थंड झाला आणि त्याचे काचेसारखे बारीक कण बनून आकाशात गेले. हे कण विमानाच्या इंजिनात शिरले तर वितळून आत चिकटतात, म्हणून विमाने थांबवावी लागली. मार्गदर्शक बाईचे माहेर याच पर्वताच्या पायथ्याला. भर दुपारी रात्र झाली, जनावरे गोठ्यात कोंडून ठेवावी लागली, छपरांवरची राख फावड्याने उपसावी लागली, असे ती सांगत होती. अनोळखी माणसे दुरून येऊन राख उपसण्यास हात लावून गेली. "पुढे त्या राखेतूनच गवत वर आले. वडिलांनी शेत सोडले नाही," एवढेच बोलून तिने गाडी पुढे काढली. शेतकरी असो की व्यापारी, एका वाईट वर्षावरून जो पेढी बंद करीत नाही तोच टिकतो, हे मला तेव्हा आठवल्यावाचून राहिले नाही.

सेल्यालँड्सफॉस हा सुमारे साठ मीटर उंचीचा धबधबा. 'फॉस' म्हणजेच धबधबा. त्याच्या मागून, पडत्या पाण्याच्या आणि कड्याच्या मधल्या पोकळीतून, चालत जाता येते. आज समुद्र तेथून काही किलोमीटर दूर आहे. पण एके काळी त्याच्या लाटा याच कड्यावर आपटत असत. ज्वालामुखी आणि हिमनद्यांनी वाहून आणलेली राख, वाळू समुद्रात भरत गेली, जमीन पुढे सरकत गेली आणि जुना किनारा असा मागे उभा राहिला. मुलगा आणि नात धबधब्यामागे जाऊन ओलेचिंब होऊन परतले. आम्ही दोघे निसरड्या दगडांचा मोह टाळून समोरच्या बाकावर बसलो.

दुपारी बाराच्या सुमारास व्हीक या गावी पोहोचलो. दक्षिण किनाऱ्यावरचे हे चिमुकले गाव. त्याच्या पाठीशी मिरदाल्सयोकुल ही विस्तीर्ण हिमचादर असून तिच्याखाली काट्ला नावाचा मोठा ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ मध्ये झाला. त्या वेळी वितळलेल्या बर्फाचा असा लोंढा आला की त्याने आणलेल्या गाळाने किनारा समुद्रात पुढे सरकला. व्हीकमध्ये टेकडीवर पांढऱ्या भिंतींचे आणि लाल छपराचे एक चर्च आहे. काट्ला जागा झाल्याचा इशारा मिळताच गावकऱ्यांनी त्या चर्चकडे चढून जायचे, असे ठरलेले असून त्याचा सरावही केला जातो. दुकाने, शाळा, हॉटेले सर्व सुरळीत चालू आहे. पण प्रत्येकाला वर जाण्याची वाट पाठ आहे. घाबरून जगणे वेगळे आणि सावध राहून जगणे वेगळे, याचे इतके स्पष्ट उदाहरण मी दुसरे पाहिले नाही.

व्हीकजवळच रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा आहे. दिवसातील सर्वांत भव्य आणि सर्वांत भयंकर दृश्य तेच. वाळू कोळशासारखी काळी. मागे बेसॉल्टचे षटकोनी खांब, एकाला एक लावून रचल्यासारखे. लाव्हा सावकाश थंड होताना आक्रसतो आणि त्याला नियमित तडे जातात; त्यातून हे खांब बनतात. समोर समुद्रात रेनिसद्रांगार हे काळे सुळके. रात्री जहाज ओढून नेणारे राक्षस पहाटेचा प्रकाश पडताच दगड झाले, अशी तेथील लोककथा आहे. हा दगड मात्र आपल्या ओळखीचा. सह्याद्री याच जातीच्या काळ्या पाषाणाचा; सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची बनलेली आहे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी याच पाषाणात कोरली गेली आणि मांगीतुंगीची शिखरेही याचीच. आइसलँडमधील सर्वांत जुना खडकही आपल्या सह्याद्रीच्या चौथ्या हिश्श्याच्या वयाचा आहे. म्हणजे आपली लेणी ज्या दगडात शांत बसली आहेत, तो दगड तरुणपणी कसा असेल, ते तेथे पाहावयास मिळते.

बसमधून उतरण्यापूर्वीच दुसरा नियम सांगितला गेला. समुद्राकडे पाठ करायची नाही आणि ओल्या वाळूच्या रेषेपर्यंत जायचे नाही. कारणही त्याबरोबरच. या किनाऱ्यापासून दक्षिणेला सरळ रेषेत थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. मोकळ्या महासागरावर दूरवरून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळून अधूनमधून एखादी फार मोठी लाट तयार होते. येथील समुद्रतळ किनाऱ्याजवळच खोल उतरतो, त्यामुळे लाटेचा जोर वाटेत मोडत नाही. दहा लाटा पायाशी येऊन विरतात आणि अकरावी कमरेपर्यंत येऊन माणसाला ओढून नेते. काही प्रवाशांनी तेथे प्राण गमावले आहेत. म्हणून मोठे फलक आणि धोक्याची पातळी दाखविणारे दिवे तेथे लावलेले आहेत.

तरीही त्या दिवशी समुद्र इतका शांत दिसत होता की आमच्याच गटातील एक तरुण जोडपे छायाचित्रासाठी पुढे गेले. पाण्याकडे पाठ, चेहऱ्यावर हसू, हातात मोबाइल. मार्गदर्शक बाई आमच्या आणि समुद्राच्या मध्ये, लाटांकडे तोंड करून उभी होती. तिची आरोळी ऐकू आली आणि पाठोपाठ ती लाट. आवाज न करता, पसरत, आदल्या सर्व लाटांच्या खुणा ओलांडून ती वर आली. दोघे धावले, पण वाळूत पाय रुतत होते. मुलाने आणि आणखी एकाने हात पुढे केले. गुडघ्यापर्यंत पाणी आले, मुलीचा एक बूट गेला आणि पाणी मागे फिरले. सारे दहा-बारा सेकंदांत आटोपले. मी नातीचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या मनगटावर वळ उठले. बाईने कोणालाही दोष दिला नाही. आपल्या पिशवीतून कोरडे मोजे काढून त्या मुलीला दिले आणि म्हणाली, "आता तुम्हाला माझे कारण कळले."

हे वाक्य माझ्या मनात राहिले. माझ्या नोकरीत हजारो परिपत्रके हाताखालून गेली. ज्यांत केवळ कडक कारवाईची ताकीद असे, ती फाइलीत जाऊन पडत. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडेच राहतील, हा नियम नव्या मुलांना फार जाचक वाटे. 'आमच्यावर विश्वास नाही काय?' असे ते विचारीत. हा नियम प्रामाणिक माणसालाच संशयापासून वाचवितो, असे एकदा समजावून सांगितले की पुन्हा सांगावे लागत नसे. आपल्या पेढ्यांवरही रोजचा रोजमेळ रोज लिहिण्याची शिस्त आजोबा-वडिलांनी कारणासह शिकविली, म्हणून ती तीन-तीन पिढ्या टिकली.

किनाऱ्यावरून निघताना तिसरा नियम आला. दगड, वाळू उचलून न्यायची नाही. प्रत्येक प्रवाशाने एकच खडा नेला, तरी वर्षाला लाखो खडे जातील. नातीने एक गुळगुळीत काळा खडा आधीच खिशात घातला होता. तिने तो काढला, क्षणभर तळहातावर पाहिला आणि खाली ठेवला. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान, हे तिच्या दादीने तिला नंतर बसमध्ये सांगितले. गोष्ट करून झालेली होती. शब्द मागाहून मिळाला. असा मिळालेला शब्द मुलांच्या लक्षात राहतो असा माझा अनुभव आहे.

दीरहोलाए या उंच भूशिरावर समुद्राने कड्याला आरपार कमान पाडली आहे. नावाचा अर्थच 'दाराच्या टेकडीचे बेट' असा. रंगीत चोचीचे पफिन पक्षी तेथे घरटी करतात. अंडी-पिल्लांच्या दिवसांत माणसांच्या ये-जा करण्यावर बंधने घालतात, त्यामुळे काही भाग आम्हाला दुरूनच पाहावा लागला. कोणी तक्रार केली नाही. त्यानंतर सोलहेइमायोकुल ही हिमनदी. काट्लाच्या राखेने तिच्या अंगावर काळे पट्टे उमटलेले. ती दरवर्षी मागे हटते आहे. जवळच्या गावातील शाळेची मुले २०१० पासून दर वर्षी जाऊन तिची माघार मोजतात आणि आकडे लिहून ठेवतात. पूर्वी जेथे बर्फ होता तेथे आता मोठे तळे आहे. खर्चाची बाजू वाढत असताना तिजोरी किती उरली, याचा हिशेब ती मुले ठेवीत आहेत. मोठ्यांनी केलेल्या उधळपट्टीची ही वही मुलांच्या हाती आहे, ही जाणीव सुखावह नव्हती.

शेवटचा मुक्काम स्कोगाफॉस. साठ मीटर उंच, पंचवीस मीटर रुंद, अखंड पांढरी भिंत. बाजूने कड्यावर जाण्यास पाचशेहून अधिक पायऱ्या. मुलगा व सून वर गेले. आम्ही तिघे खाली थांबलो. साडेपाच झाले होते. ऊन दुपारसारखे लख्ख. पत्नीने डबा उघडला, दोन थेपले खाल्ले, सकाळी हॉटेलात उकळून बाटलीत भरलेले पाणी प्यायली आणि डबा बंद करून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. नात पाहत होती.

"दादी, सूर्य तर अजून वरच आहे. मग तू आत्ताच का बंद केलेस?"

पत्नीने थोडा विचार केला. "रात्री न जेवण्याची दोन कारणे आहेत, बाळा. अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, ते अन्नात पडतात, म्हणून एक. आणि दिवसातला काही वेळ तरी जिभेवर आपला ताबा असावा, म्हणून दुसरे. पहिले कारण आज इथे तितकेसे लागत नाही. दुसरे मात्र सगळीकडे लागते."

"पण इथे कुणाला कळणार आहे?"

"मला कळते ना."

नात काही वेळ धबधब्याकडे पाहत बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या बीचवरच्या रेषेसारखे. लाट दिसत नसली तरी अलीकडेच थांबायचे."

पत्नीने फक्त मान डोलावली. मी तेव्हा काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते. परदेशात वाढणारी आपली मुले धर्मापासून दूर चालली, अशी चिंता आपण समाजाच्या प्रत्येक बैठकीत ऐकतो. त्यांना शिबिरे हवीत, पुस्तके हवीत, हे खरेच. परंतु त्यांच्या शाळेत 'का' हा प्रश्न विचारण्याची सवय लावलेली असते, आणि 'आपल्यात असेच करतात' हे उत्तर तेथे पुरत नाही. दशवैकालिक सूत्रात यतनेने चालावे, यतनेने उभे राहावे, यतनेने बसावे, यतनेने खावे, यतनेने बोलावे, म्हणजे पापकर्माचा बंध होत नाही, असे सांगितले आहे. या उपदेशाची सुरुवातच साधकाच्या प्रश्नाने होते. कसे चालावे, कसे उभे राहावे, असे तो विचारतो. आपल्या परंपरेने प्रश्नाला कधी अनादर मानले नाही.

समाजातील ज्या कुटुंबांना अशी सहल करावयाची असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी सांगतो. मे ते ऑगस्ट हा काळ वयस्कांना मानवणारा. तरीही वारा बोचरा असतो, तेव्हा पाऊस न शिरणारा कोट आणि निसरड्यावर न घसरणारे बूट हवेतच. गट लहान निवडावा. नियमाचा आहार आरक्षण करतानाच कळवावा आणि तरीही डबा बरोबर ठेवावा. हॉटेलात किटली आहे का ते पाहावे, म्हणजे उकळलेल्या पाण्याची सोय होते. नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास असतो. तपस्या किंवा रात्रीभोजनत्यागाचा नियम असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच आपली वेळ ठरवून घ्यावी आणि ती घरातील मुलांना कारणासह सांगावी.

त्या वर्षीच्या पर्युषणात लंडनहून नातीचा फोन आला. पाणी उकळूनच का प्यायचे, असा तिचा प्रश्न होता. दादीने उत्तर द्यावयास पाऊण तास घेतला. मध्येच दोनदा 'थांब, लिहून घेते' असे नातीचे शब्द मला पलीकडून ऐकू आले.